जब्बार पटेलांचे काम सातारकरांना पूर्ण पाहू द्या

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
सांस्कृतिक कार्यक्रम समिती,
सातारा.

विषय : ‘सात शनिवार’ ही चित्रपट व नाट्यमालिका रद्द करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सभागृहाच्या दर्शनी फलकावर चित्रपट आणि नाट्य दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांच्या कामावरील ‘सात शनिवार’ या मालिकेचा कागद लागला, तेव्हा हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून मी तो दोनदा वाचला. सहा शनिवारी सहा चित्रपट, एक शनिवार त्यांच्या नाटकांसाठी, विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत, असे त्यात लिहिले होते. त्याच दिवशी कार्यालयात जाऊन मी माझे, माझ्या सुनेचे आणि शेजारच्या दोन मुलींचे नाव नोंदवले. दोन आठवड्यांनी त्या कागदावर दुसरा कागद चिकटवलेला दिसला. ‘अपरिहार्य कारणास्तव’ मालिका रद्द झाली असून त्याऐवजी एका रविवारी रात्री साडेनऊ वाजता त्यांच्या चित्रपटांतील गाण्यांची मैफल होईल, एवढाच मजकूर त्यावर होता. नावे नोंदवलेल्यांपैकी कोणालाही कळवण्यात आले नव्हते. चौकशी केल्यावर तोंडी तीन कारणे मिळाली : विषय राजकीय आहेत, चित्रपट जुने असल्याने प्रेक्षक येणार नाहीत, आणि ज्यांना पाहायचे आहेत ते मोबाइलवर पाहू शकतात. मी लेखी अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आलेले नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे. आपल्या समितीचे पूर्ण नाव आणि सदस्यांची नावे मी मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण माझी तक्रार आपल्या निर्णयाविषयी आहे, कोणा व्यक्तीविषयी नाही.

मी या जिल्ह्यात तीस वर्षे मराठी शिकवले. पण या विषयाशी माझा संबंध त्याच्याही आधीपासूनचा आहे. माझे वडील जिल्ह्यातल्याच एका सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. कानामागे शाईच्या पेन्सिलीचे थोटूक, शर्टाच्या खिशात पावत्यांचा गठ्ठा आणि गळीत हंगामात अंगाला कायम येणारा मळीचा वास, असे ते मला आठवतात. मी पाचवीत असताना खटाव तालुक्यातल्या एका यात्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये आम्ही डॉ. पटेल यांचा ‘सामना’ पाहिला. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये दोरी, आणि वारा आला की पडदा फुगायचा आणि पडद्यावरच्या माणसांची तोंडे वाकडी व्हायची. मला त्यातले फारसे कळले नाही. हिंदुरावाच्या कारखान्याची चिमणी दिसली तेव्हा मात्र आईने माझा हात दाबला, एवढे लक्षात आहे. परत येताना वडील बैलगाडीत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर पायावर पाणी घेताना ते आईला म्हणाले, “ह्ये सगळं त्या डॉक्टरला कुणी सांगितलं असंल गं?”

तो प्रश्न मी पन्नास वर्षे बाळगला आहे. ‘सामना’ पुढे १९७५च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात गेला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मला कितीतरी नंतर वाचून कळले. पण बर्लिनच्या परीक्षकांना या चित्रपटात जे दिसले असेल त्याहून अधिक काहीतरी काट्यावरच्या एका कारकुनाला दिसले होते, याची मला खात्री आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या कथेत एक दारुडा मास्तर गावात येतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले एवढेच विचारत राहतो. कारखाना, कोंबड्या, सोसायट्या, रस्ते, सगळे काही उभे करणारा हिंदुराव त्या एका प्रश्नापुढे अस्वस्थ होतो. तो मास्तर साकारणारे डॉ. श्रीराम लागू १९२७ साली याच साताऱ्यात जन्मले. तेव्हा ‘प्रेक्षक येणार नाहीत’ असे म्हणण्याआधी या चित्रपटाचे प्रेक्षक कुठे राहतात, ते कोणत्या कारखान्याला ऊस घालतात आणि त्यांच्या घरात कोणत्या गोष्टी हळू आवाजात बोलल्या जातात, याचा विचार समितीने करायला हवा होता.

आता आपल्या निर्णयातील ज्या गोष्टी मला मान्य नाहीत, त्या सांगते.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट अशी की, या निर्णयाने डॉ. पटेल यांच्या कारकिर्दीतील नाटक संपूर्ण पुसले गेले आहे. मालिकेतला नाटकांचा शनिवार गेला आणि मैफलीत तर नाटकाचा उल्लेखही नाही. वास्तविक हा माणूस आधी नाटकवाला आहे. १९४२ साली पंढरपूरला जन्म, सोलापूरला शाळा, पुण्यात वैद्यकीय शिक्षण, मग दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना, आणि त्याच काळात पुण्यात नाटकाच्या तालमी. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. नाना फडणवीसांच्या आणि पुण्यातल्या ब्राह्मणांच्या चित्रणावरून वाद उठला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. तेव्हा ही तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३मध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली आणि नाटक पुन्हा उभे राहिले. १९८०मध्ये ते युरोपला निघाले, तेव्हाही विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या नानांवरून हे सगळे घडले, त्यांचा वाडा आणि घाट आपल्या वाईजवळच्या मेणवलीत आहे. आपण शाळेच्या सहली तिथे नेतो, मुलांना घाटावरची घंटा दाखवतो, पण त्याच नानांवरून मराठी रंगभूमीवर केवढी उलथापालथ झाली, हे त्याच मुलांना कोणी सांगायचे?

चित्रपट निदान मागे उरतो. नाटक दिग्दर्शकाच्या हातून निसटून जाते आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणीत तेवढे राहते. म्हणून त्याच्यासाठी वेगळा दिवस हवा होता. नव्वदच्या दशकात आमच्या हौशी गटाने एका देवळाच्या सभामंडपात ‘घाशीराम’मधल्या मानवी पडद्याचा अभ्यास केला होता. प्रयोग करायचा नव्हता, फक्त समजून घ्यायचे होते. फरशीवर खडूने रेघ मारून बारा मुलांना खांद्याला खांदा लावून उभे केले. पहिल्या दिवशी रांग सरळ झाली, पण तिचा पडदा काही होईना, कारण श्वास सोडताना कोणाचा तरी खांदा पडायचा आणि तेवढ्या फटीतून मागचा नाना दिसायचा. दुसऱ्या दिवशी मुले श्वास एकत्र घ्यायला शिकली. चौथ्या दिवशी मृदंगाच्या थापेवर बाराही जणांनी एकदम पाठ फिरवली आणि मागे जे चालले होते ते दिसेनासे झाले. तेव्हा समोर बसलेले देवळातले पुजारी नकळत मान उंच करून पाहू लागले. माणसांचीच भिंत उभी करून सत्तेचे दुष्कृत्य लपवता येते आणि त्या भिंतीतला प्रत्येक माणूस तोंडाने देवाचे नाव घेत असतो, ही गोष्ट मी वर्गात कितीही तास शिकवली असती तरी त्या मुलांना तशी कळली नसती. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, मोहन आगाशे यांचा नाना, हे सर्व ज्याने एका नजरेत बांधले त्याचे काम काय होते, हे त्या चार दिवसांत आम्हाला उमगले.

आणि हा दुवा पुढे जातो, म्हणूनच नाटक आणि चित्रपट वेगळे काढता येत नाहीत. रंगमंचावर बारा जणांच्या रांगेने जे झाकले, तेच ‘सामना’त अख्ख्या गावाच्या गप्प राहण्याने झाकले जाते. ‘सिंहासन’मध्ये तेच मंत्रालयाच्या दालनांत फोनवरच्या मृदू बोलण्याने झाकले जाते, आणि ज्याला सगळे दिसते तो पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुले यांना एका चित्रपटात हिंदुराव आणि दुसऱ्यात दिगू करायला देणारा दिग्दर्शक प्रेक्षकाला दोन्ही बाजूंनी उभे करून पाहतो. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तवरून रचलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ डॉ. पटेल यांनी १९७८मध्ये रंगमंचावर आणला, आणि ‘सिंहासन’ त्याच्या पाठोपाठ आला. चोर, पोलीस आणि सभ्य माणसे यांच्यातल्या सोयरिकीकडे त्यांनी लागोपाठ दोन्ही माध्यमांतून पाहिले. क्रमाने पाहिल्याखेरीज हे दिसत नाही. आपली मूळ मालिका हेच करणार होती.

दुसरी गोष्ट राजकीय विषयांची. हे कारण मला सर्वांत जास्त लागले. विषय राजकीय आहेत हे खरेच आहे. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरून १९७९मध्ये केलेला हा चित्रपट मुख्यमंत्र्याची खुर्ची आणि तिच्याभोवतीची माणसे यांच्याविषयीच आहे. त्यात अरुण सरनाईक मुख्यमंत्री आहेत आणि आपल्या साताऱ्याचे लागू अर्थमंत्री. पण राजकारण हा विषय साताऱ्याला परका केव्हापासून झाला? ज्यांच्यावर डॉ. पटेल यांनी २०१४मध्ये ‘यशवंतराव चव्हाण : बखर एका वादळाची’ हा चित्रपट केला, ते यशवंतराव देवराष्ट्राचे. ते गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्यांच्या जन्मावेळी सातारा जिल्ह्यातच होते, आणि त्यांची समाधी कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे. तिथे दरवर्षी सगळ्या पक्षांचे लोक फुले वाहतात. ज्या जिल्ह्याने राज्याला पहिला मुख्यमंत्री दिला, त्या जिल्ह्यात सत्तेविषयीचा चित्रपट दाखवायला सभागृह मिळत नसेल, तर ते कोणत्या कामासाठी बांधले आहे, याचे उत्तर समितीने द्यावे.

याच मुद्द्यात आणखी एक नाव येते, आणि ते मला स्वतंत्रपणे सांगायचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका सुभेदाराच्या मुलाचे नाव साताऱ्यातल्या इंग्रजी शाळेच्या रजिस्टरमध्ये चढले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या मुलाची आई, भीमाबाई, यांची समाधीही याच गावात आहे. त्या मुलाच्या आयुष्यावर डॉ. पटेल यांनी मामुट्टी यांना घेऊन ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा इंग्रजी चित्रपट केला आणि मामुट्टी यांना त्यासाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मालिकेचा शेवटचा शनिवार या चित्रपटाचा होता. शेजारच्या ज्या दोन मुलींची नावे मी नोंदवली होती, त्यांतली धाकटी प्रतापसिंह हायस्कूलच्या रस्त्यावरून रोज क्लासला जाते. तिने मला विचारले, “मावशी, मग तो पिक्चर कधी दाखवणार?” मी तिला अजून उत्तर दिलेले नाही.

तिसरी गोष्ट गाण्यांची. मला गाणी प्रिय आहेत आणि मैफलीला माझा विरोध नाही. ‘जैत रे जैत’बाबत तर मी मान्य करीन की तिथे गाणीच कथा पुढे नेतात. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ठाकरांच्या वस्तीतला नाग्या यांना एकमेकांपासून सोडवता येत नाही. पण नेमक्या त्याच कारणाने ती गाणी हार्मोनियम-तबल्यावर सुटी म्हटली की अर्धी होतात. नाग्याची मधमाशीशी असलेली अढी, लिंगोबाच्या डोंगराचा तो सुळका, स्मिता पाटील यांची चिंधी हे समोर नसेल, तर श्रोत्याला चाल तेवढी मिळते. ‘उंबरठा’तील सुरेश भटांची गझल लोक लग्नाच्या वाढदिवसाला म्हणतात, आणि ती कोणत्या बाईच्या कोणत्या एकटेपणातून आली आहे हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकच नसते.

‘उंबरठा’विषयी थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या नोकरीच्या काळात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला चित्रपट तोच आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा हा चित्रपट १९८२मध्ये आला. सुलभा महाजन नवऱ्याचे भरले घर आणि लहान मुलगी सोडून दूरच्या गावी स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, तिथल्या व्यवस्थापक मंडळाशी झगडते, हरते, परत येते, आणि तोवर घरातली तिची जागा उरलेली नसते. आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका बदलीच्या गावी एकटी राहत होती. तिच्या सासरच्यांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा झाली ती सुलभाच्या सासूच्या दिवाणखान्यातल्यासारखीच होती. मी त्या दिवशी गप्प बसले. पुढच्या वर्षी आम्ही शाळेच्या दूरदर्शन संचावर, भाड्याच्या व्हीसीआरवर, सगळ्या शिक्षकांनी मिळून ‘उंबरठा’ पाहिला. नंतर कोणी भाषण केले नाही. पण त्या शिक्षिकेच्या बदलीच्या अर्जावर मुख्याध्यापकांनी शिफारस लिहिली, आणि खाली सही करताना माझा हात थरथरला नाही.

चौथी गोष्ट मोबाइलची. वरचा प्रसंग मी त्यासाठीच सांगितला. तो चित्रपट प्रत्येकीने आपापल्या घरी पाहिला असता, तर ती शिफारस झाली नसती असे मला वाटते. शिवाय मोबाइलवर जे मिळते ते कसे असते हे आपणही पाहिले असेल : धूसर चित्र, कापलेली दृश्ये, मध्येच कोणा दुकानाची जाहिरात, आणि ‘सिंहासन’सारख्या कृष्णधवल चित्रपटात तर चेहऱ्याच्या अर्ध्या छटा गायब. दिग्दर्शकाने अंधाऱ्या सभागृहासाठी जे घडवले, ते तळहाताएवढ्या काचेवर पाहून त्याची कारकीर्द पाहिल्याचे समाधान मानावे, असे सार्वजनिक सभागृह चालवणाऱ्यांनी तरी सांगू नये.

पाचवी गोष्ट वेळेची, आणि ती लहान नाही. शनिवारी दुपारी तीनचा चित्रपट संपवून कोरेगाव, वडूज, मेढा इकडची मुले संध्याकाळच्या एसटीने घरी पोहोचतात. रविवारी रात्री साडेनऊची मैफल त्यांच्यासाठी नाही, आणि एकट्या येणाऱ्या बहुतेक बायकांसाठीही नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. मालिका रद्द करण्याचा निर्णय मागे घ्यावा आणि सातही शनिवारांचे नवे वेळापत्रक फलकावर लावावे. नाटकांचा दिवस वगळू नये. त्या दिवशी ज्यांनी ‘घाशीराम’ वा ‘तीन पैशाचा तमाशा’ प्रत्यक्ष पाहिला आहे अशा आपल्या जिल्ह्यातल्या ज्येष्ठांना बोलते करावे आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून वाचनालयात ठेवावे, कारण हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. चित्रपट हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन, चांगल्या प्रतीवरून आणि एकही दृश्य न कापता दाखवावेत. त्यासाठी खर्च वाढणार असेल तर तो जाहीर करावा. आम्ही नावे नोंदवलेले लोक वर्गणी काढायला तयार आहोत. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट शक्यतो विद्यार्थी दिवसाच्या आठवड्यात आणि शहरातल्या शाळांना बोलावून दाखवावा. तो इंग्रजीत असल्याने आधी पंधरा मिनिटे मराठीत ओळख करून द्यावी, ते काम मी विनामोबदला करीन. वेळ दुपारची ठेवावी. आणि ज्या सभेत हा निर्णय झाला, त्या सभेचे इतिवृत्त फलकावर लावावे, म्हणजे ‘अपरिहार्य कारण’ काय होते हे प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी वाचता येईल. गाण्यांची मैफल अवश्य करावी, पण ती सातव्या शनिवारनंतर करावी. तोवर श्रोत्यांनी चित्रपट पाहिलेले असतील.

आपल्यापैकी काही जण माझे विद्यार्थी आहेत हे मला माहीत आहे, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात माया आहे. समितीचे काम विनावेतन असते, सभागृहाचे वीजबिल भरताना ओढाताण होते, एखादा कार्यक्रम ठरवला की कोणाकोणाचे फोन येतात, हेही मी जाणून आहे. फोन आले असतील तर तसे सांगावे. आम्ही आपल्या बाजूने उभे राहू. शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांना देण्यात आले, त्यांचे काम दाखवताना सातारच्या एखाद्या समितीला एकटे पडावे लागू नये.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी नावे नोंदवलेल्यांपैकी ज्यांना जमेल त्यांच्यासह कार्यालयात येत आहे. सोबत सह्यांचे निवेदन आणि माझ्या आधीच्या अर्जाची पोच असेल. आम्हाला अर्धा तास द्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
सातारा